हद्दींच्या आत वाढलेले शहर : बेळगाव आणि निपाणीच्या वस्तीचा इतिहास

नगररचनाशास्त्रात ज्याला आटोपशीर शहर म्हणतात, म्हणजे जिथे घर, काम, बाजार, शाळा आणि देऊळ पायी जाण्याच्या अंतरात असतात, थोड्या जमिनीवर पुष्कळ माणसे राहतात आणि भोवतालची शेती शाबूत राहते, तसे शहर बेळगाव किमान शंभर वर्षे होते. हा आटोपशीरपणा कोणा रचनाकाराने कागदावर आखलेला नव्हता. पूर्वेला किल्ला, पश्चिमेला लष्करी छावणी, दक्षिणेला आगगाडीचे रूळ आणि त्यांना लागूनच दुसऱ्या संस्थानाची सरहद्द, अशा तीन-चार हद्दींनी शहराला आवळून धरले होते. बेळगावचे नाव निघाले की वाचकाला १९५६ नंतरचा सीमाप्रश्न आठवतो आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि शहराच्या घडणीपुरते पाहिले तर त्याआधीच्या या लहानसहान हद्दींनी केलेले काम अधिक खोलवर गेलेले दिसते, आणि त्या एकेक करून सैल झाल्यावर शहर ज्या दिशांनी पसरले त्याचा उलगडाही त्यांच्यातच होतो.

या हद्दींपैकी सर्वांत जुनी किल्ल्याची. सौंदत्तीच्या रट्ट राजवटीने तेराव्या शतकाच्या आरंभी आपले ठाणे वेणुग्रामी, म्हणजे आजच्या बेळगावी, हलवले. किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ च्या सुमाराचे आहे. पुढे देवगिरीचे यादव, विजयनगर, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात महमूद गावानने जिंकून घेतल्यावर बहमनी, नंतर आदिलशाही, मोगल आणि मराठे असा किल्ल्याचा ताबा बदलत गेला. आदिलशाही काळातील साफा मशीद किल्ल्याच्या आत आहे, म्हणजे त्या काळापर्यंत सत्ता, उपासना आणि प्रतिष्ठितांची वस्ती तटाच्या आतच होती आणि बाहेर होती ती पेठ, अर्थात व्यापारी व कारागिरांची वसाहत. १८१८ मध्ये टॉमस मन्रोच्या फौजेने सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर किल्ला पेशव्यांच्या किल्लेदाराकडून घेतला आणि त्याचे नागरी महत्त्व संपले. खंदक, तलाव आणि किल्ल्याभोवतीची लष्करी जमीन मात्र राहिली, आणि तिने पेठेला पूर्वेकडे सरकू दिले नाही.

दुसरी हद्द इंग्रजांनीच आखली. हवा थंड, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट, गोव्याची पोर्तुगीज सरहद्द जवळ आणि दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांवर नजर ठेवायला सोयीची जागा. या कारणांनी बेळगावला कायमची छावणी वसली. लोक तिला आजही कॅम्पच म्हणतात. कॅम्पमधील एकेका बंगल्याच्या आवारात पेठेतील अख्खी गल्ली बसली असती. यातील अनेक जुने बंगले 'ओल्ड ग्रँट' या पद्धतीने दिलेले होते. या पद्धतीत इमारत राहणाऱ्याची, पण तिच्याखालची जमीन सरकारची असते, आणि ती जमीन सरकार परत मागू शकते. त्यामुळे तिथे जमिनीचे तुकडे पडले नाहीत, मजले चढले नाहीत आणि वस्ती विरळच राहिली. १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा काढून बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा झाला, १८५१ मध्ये नगरपालिका आली. परंतु नगरपालिकेचा अधिकार चालायचा तो किल्ला आणि कॅम्प यांच्या मधल्या पट्ट्यात. कचेऱ्या, वकील, सराफ, धान्याचे अडते, शिक्षक, विद्यार्थी या सगळ्यांना त्याच पट्ट्यात जागा करून घ्यावी लागली. एकाच गावात एका बाजूला प्रशस्त आवारे आणि दुसऱ्या बाजूला भिंतीला भिंत लागलेली घरे, हे दृश्य इंग्रजी अमलातील प्रत्येक छावणीच्या शहरात दिसते. बेळगावात ते अधिक ठळक झाले, कारण तिसरी हद्दही तितकीच जवळ होती.

ती हद्द शहापूरची. कपिलेश्वर मंदिराच्या पलीकडे सुरू होणारे शहापूर हे १९४८ पर्यंत सांगलीच्या पटवर्धन संस्थानात होते, आणि त्याला लागून असलेले माधवपूर-वडगाव कुरुंदवाडच्या थोरल्या पातीकडे. पाती म्हणजे भाऊबंदांच्या वाटणीत निघालेली संस्थानाची शाखा. बेळगावच्या बाजारातून पाऊण तासात पायी फिरून येताना माणूस अशा रीतीने तीन राज्यकारभार ओलांडत असे. शहापूरची पेठ श्रीमंत होती. सराफी, सावकारी, रंगवलेले सूत, रेशीम आणि साड्या यांचा व्यापार तिथे चाले, आणि शहापुरी साडीचे नाव कोकणापर्यंत पोचलेले होते. दोन्ही गावांत खडेबाजार आहे. एकच नाव दोन ठिकाणी आढळल्याने नवख्याचा गोंधळ उडतो, परंतु दोन स्वतंत्र बाजारपेठा दोन स्वतंत्र अमलांखाली वाढल्याची ती सरळ खूण आहे. संस्थानाची हद्द म्हणजे वेगळे न्यायालय, वेगळी जकात आणि वेगळी नगरपालिका. बेळगाव नगरपालिकेला दक्षिणेकडे रस्ता किंवा गटार वाढवायचे तर ते परराज्यात जात होते. भूगोलाच्या दृष्टीने एकच असलेले शहर कारभाराच्या दृष्टीने तुकड्यांत राहिले आणि प्रत्येक तुकडा आपल्यापुरता दाट होत गेला.

या दाट वस्तीचे एकक गल्ली हे आहे. पुण्यात आळी आणि पेठ, कोकणात वाडी, तशी बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यात गल्ली. आणि ती केवळ रस्ता नसते. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, नार्वेकर गल्ली, चव्हाट गल्ली यांतील प्रत्येकीला आपले देऊळ, आपला गणपती आणि बहुधा आपली पंचमंडळी असते, जी वर्गणी गोळा करण्यापासून भाऊबंदकीच्या तंट्यापर्यंत पुष्कळ गोष्टी घरच्या घरी मिटवते. १९०५ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने झेंडा चौकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि तो पाहता पाहता गल्लोगल्ली पसरला, यामागे ही आधीच तयार असलेली रचना होती. घरे अरुंद तोंडाची आणि खोल. रस्त्याला लागून कट्टा, मग सोपा म्हणजे पुढची बैठकीची व कामाची जागा, त्यामागे माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परसू. परसात विहीर किंवा आड, तुळस, एखादे नारळाचे झाड. भिंती जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या, शेजाऱ्याशी सामाईक, आणि वर कौले. जोराच्या पावसाच्या या गावात सामाईक भिंतीला ओल कमी लागते, हा फायदा स्वतंत्र बंगल्यात राहायला गेलेल्यांना पहिल्याच आषाढात कळून आला असणार. रस्त्यावर घराची रुंदी बारा-पंधरा फूट आणि आत खोली तिच्या चार-पाच पट, अशा आखणीमुळे थोड्या लांबीच्या गल्लीत पुष्कळ उंबरे बसत, आणि प्रत्येक उंबऱ्याला रस्त्याचा हक्क मिळत असे.

शहापूर, वडगाव आणि खासबाग येथील विणकरांच्या घरांत हीच रचना उद्योगाला जुंपलेली होती. हातमाग बहुधा खड्डामाग असे: सोप्याच्या जमिनीत खड्डा खणून त्यात पावड्या बसवायच्या आणि विणकराने जमिनीच्या पातळीवर काठाशी बसून पाय खड्ड्यात सोडायचे. खड्ड्यातील ओलाव्यामुळे सूत कोरडे पडून तुटत नाही, आणि सोपा रस्त्याकडे असल्याने उजेड मिळतो. ताणा, म्हणजे कापडाच्या लांबीचे उभे धागे, खळ लावण्यासाठी पूर्ण लांबीने पसरावा लागतो. तेवढी लांबी कोणत्याही घरात नसते, म्हणून पहाटे तो गल्लीतच लाकडी घोड्यांवर ताणला जाई आणि उन्हे चढण्याआधी कुंच्याने खळ फिरवून आवरला जाई. बायका घरात कांड्या भरत, मुले हाताशी असत, सूत देणारा आणि तयार माल उचलणारा सावकार दोन गल्ल्या पलीकडे राहत असे. गल्लीची रुंदी आणि सरळपणा यांना असा प्रत्यक्ष उपयोग होता, आणि नगररचनेच्या भाषेत ज्याला मिश्र वापर म्हणतात, म्हणजे एकाच जागी निवास आणि उत्पादन, त्याचे याहून पूर्ण उदाहरण मिळणे कठीण. पुढे यंत्रमाग आले तेही वडगाव-खासबागेत घरांतच शिरले. खड्डा बुजला, खडखडाट वाढला, पण घर आणि काम यांची फारकत झाली नाही.

या आवळलेल्या शहराला पहिली फट पडली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८८७ मध्ये सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज गाडी बेळगावात आली. रुळांनी शहापूर आणि बेळगाव यांच्यामध्ये आणखी एक रेघ ओढली, परंतु स्टेशनाच्या दक्षिणेकडील माळ त्यामुळे पोचण्याजोगा झाला. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच मुंबई इलाख्यात प्लेग पसरला. दाट वस्ती हीच आता भीतीची गोष्ट झाली. गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहण्याचा अनुभव बेळगावकरांनीही घेतला, आणि साथ ओसरल्यावर मोकळ्या हवेत कायमचे राहण्याची कल्पना सुशिक्षित घरांत रुजली. इलाख्यातील बहुतेक शहरांत विस्तारित वसाहतींचा आरंभ प्लेगनंतरचा आहे. १९१५ मध्ये मुंबई सरकारने नगररचनेचा कायदा केला, तो या क्षेत्रातील देशातील पहिला कायदा. विखुरलेली शेते एकत्र करून, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढून, उरलेली जमीन आखीव भूखंडांच्या रूपाने मालकांना परत देणे, ही नगररचना योजनेची पद्धत त्याने इलाख्यात आणली.

बेळगावची अशी वसाहत म्हणजे ठळकवाडी, जी पुढे टिळकवाडी झाली. जुने नाव ठळकवाडी हायस्कूलने जपले आहे. काटकोनात छेदणारे रस्ते, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशी वारांची नावे असलेल्या पेठा, आणि रानडे, आगरकर, सावरकर यांच्या नावांचे रस्ते, हे सारे पुण्याकडे डोळे लावून बसलेल्या मध्यमवर्गाचे मन दाखवते. फरक एवढाच की पुण्याच्या पेठा बाजारातून वाढल्या, तर इथे पेठ हे नाव ज्या भागाला मिळाले तिथे दुकाने तुरळक आणि आवारे ऐसपैस होती. ही वसाहत उभी राहताना शहराने एक कारखाना गमावला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, त्यातून कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवण्याचा कारखाना वाढला. परंतु नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी जागा सोडायला सांगितल्यावर त्यांना बिऱ्हाड हलवावे लागले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली, जिथे कारखाना, कामगारांची घरे, शाळा आणि दुकाने एका हाकेच्या अंतरात होती. निवासाला उद्योगापासून वेगळे काढण्याचा मोह बेळगावला फार लवकर झाला आणि त्याची किंमतही लवकर चुकवावी लागली, असे म्हणण्यास जागा आहे. शहराच्या मध्यवस्तीत किर्लोस्कर रोड तेवढा उरला.

डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन टिळकवाडीच्या याच मोकळ्या बाजूला भरले. गंगाधरराव देशपांडे यांनी उभारलेल्या तंबूंच्या नगराला विजयनगर हे नाव दिले होते, आणि पाण्यासाठी खणलेली विहीर काँग्रेस विहीर म्हणून आजही आहे. वसाहतीच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व वेगळे आहे: काही हजार माणसांना पाणी, रस्ते आणि मलनिःसारण एका हंगामापुरते पुरवता येते हे दिसल्याने त्या बाजूच्या जमिनीविषयीचा भरवसा वाढला, आणि काँग्रेस रोड हा दक्षिणेकडील वाढीचा कणा झाला. १९४५ मध्ये राणी पार्वती देवी महाविद्यालय निघाले तेही याच अंगाला.

१९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली आणि शहापूरची हद्द पुसली गेली. आठ वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६७ मध्ये महाजन आयोगाने बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवावे आणि निपाणी, खानापूर हे भाग महाराष्ट्राला द्यावेत असा अहवाल दिला. महाराष्ट्राने तो नाकारला आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. वस्तीच्या अंगाने या प्रश्नाचा परिणाम असा झाला की शहराची वाढ ही केवळ घरांची गरज राहिली नाही. सरकारी कचेऱ्या, कर्मचाऱ्यांच्या वसाहती आणि शिक्षणसंस्था यांच्याबरोबर शिवबसवनगर, महांतेशनगर, सदाशिवनगर, नेहरूनगर अशी नवी नगरे उत्तरेकडे व पूर्वेकडे वाढली आणि तिथे कन्नड भाषकांचे प्रमाण मोठे राहिले. जुन्या गल्ल्या, शहापूर, वडगाव, अनगोळ आणि दक्षिणेकडील गावे यांत मराठी वस्ती दाट राहिली. नगर आणि गल्ली हे दोन शब्द बेळगावच्या नकाशावर दोन काळांबरोबर दोन लोकसमूहही दाखवतात, अर्थात अपवाद दोन्हीकडे पुष्कळ आहेत. २०१२ मध्ये उद्घाटन झालेले सुवर्ण विधानसौध शहराबाहेर, पुणे-बंगळूर महामार्गालगत हलगा-बस्तवाड येथे उभे राहिले. त्याने वाढीचे टोक आणखी पूर्वेला नेले.

१९७६ मध्ये महानगरपालिका झाली. उद्यमबागेत फाउंड्री आणि यंत्रभागांचे कारखाने आधीच स्थिरावले होते, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस नगरविकास प्राधिकरण, बोलीभाषेत बुडा, अस्तित्वात आले. प्राधिकरणाने जमीन संपादन करून आखीव लेआउट पाडायचे, रस्ते व गटारे करून भूखंड वाटायचे, हा सरळ मार्ग; रामतीर्थनगरसारख्या वसाहती त्यातून झाल्या. मागणी मात्र त्या वेगाने पुरी होण्यासारखी नव्हती. कुळकायद्यानंतर शहराभोवतीची जमीन लहान शेतकऱ्यांच्या हाती होती, आणि एकर-दीड एकरातून गुंठा-दोन गुंठे विकणे हा घरातल्या लग्नाचा किंवा कर्जाचा सोपा मार्ग ठरला. एकराचा चाळिसावा हिस्सा म्हणजे गुंठा, सुमारे १,०८९ चौरस फूट. बिनशेती परवाना नसताना, नुसत्या मुद्रांकाच्या कागदावर लिहून घेतलेल्या अशा जागांना लोक बॉंडचे प्लॉट म्हणतात. त्यांना मंजूर आराखडा नसतो, रस्ता शेताच्या बांधावरून जातो आणि गटार पुढच्या माणसाच्या दारात संपते. अशी बांधकामे दंड घेऊन नियमित करण्याची कर्नाटक सरकारची अक्रम-सक्रम योजना २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली, आणि घरे आहेत तिथेच राहिली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. हद्दीला चिकटलेल्या वस्त्या धरल्यास ती ६ लाखांवर जाते, आणि या दोन आकड्यांमधील फरकात हिंडलगा, पिरनवाडी, मच्छे यांसारख्या गावांची नवी वाढ सामावलेली आहे.

निपाणीची गोष्ट याच सूत्राची, पण निराळ्या वळणाची. सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजेच आप्पा देसाई निपाणकर, यांनी पेशवाईच्या अखेरच्या काळात वाडा आणि गढी बांधून गावाला आकार दिला. १८३९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे इंग्रजांनी जहागीर खालसा केली; तरीही भोवतीच्या काळ्या जमिनीतील तंबाखू आणि पुण्याहून दक्षिणेला जाणारा हमरस्ता यांच्या बळावर बाजार वाढतच गेला. निपाणीच्या दाटपणाचे कारण वखार. तंबाखू वाळवून, चाळून, साठवून ठेवायची तर कोरडी, बंदिस्त आणि बाजाराजवळची जागा लागते. म्हणून वखारी गावातच उभ्या राहिल्या, आणि त्यांत राबणाऱ्या बायका व विड्या वळणारी घरे वखारींच्या आसपासच्या खोल्यांत दाटली. घर आणि काम यांची ही जवळीक वडगावच्या विणकरासारखी सुखाची नव्हती, कारण तंबाखूचा खकाणा गल्लीभर असे आणि विडी कामगारांना संघटित होईपर्यंत मजुरी तुटपुंजी मिळे. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडवून धरला आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले, तेव्हा ज्या रस्त्यामुळे गाव वाढले तो रस्ताच रणभूमी झाला होता. निपाणीच्या वाढीला पश्चिमेकडे राज्याची सीमा आहे, आणि गाव ती ओलांडून गेले आहे: निपाणीकरांच्या पिढ्या ज्या देवचंद महाविद्यालयात शिकल्या ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रातील कागल तालुक्यात आहे.

बेळगावच्या दक्षिणेला आता शहरासमोर जी हद्द उभी आहे ती भाताची. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या शिवारांतील जमीन सुपीक, वर्षाला दोन-तीन पिके देणारी. इथला भात सुवासासाठी नावाजलेला आहे. शिवारातून बळ्ळारी नाला वाहतो, जो शहराचे पावसाचे पाणी घेऊन मार्कंडेय नदीला मिळतो. वस्ती त्याच्या काठापर्यंत आली, पात्र गाळाने उथळ झाले, आणि जोराच्या पावसाळ्यात नाल्याचे पाणी पेरलेल्या वाफ्यांत पसरू लागले. २०१९ च्या ऑगस्टमधील पुराने तर शहरातील सखल वसाहतीही बुडवल्या. हलगा-मच्छे बायपास आणि त्यानंतर प्रस्तावित रिंग रोड यांना शेतकऱ्यांनी केलेला विरोध भरपाईच्या दराइतकाच या जाणिवेतून आलेला आहे की रस्ता झाला की त्याच्या दोन्ही बाजूंना गुंठे पडतात. याच काळात टिळकवाडी, हिंदवाडीकडे उलटी हालचाल चालू आहे. ऐसपैस आवारातील बैठे बंगले पाडून तिथे चार-पाच मजल्यांच्या अपार्टमेंट उभ्या राहत आहेत, म्हणजे पेठेतून बाहेर पडलेल्यांच्या नातवंडांच्या पिढीत वस्ती पुन्हा दाट होत आहे. हा दाटपणा गल्लीचा नाही; यात सोपा नाही, माग नाही, तळमजल्यावर दुकानांऐवजी गाड्या आहेत, आणि नळाचे पाणी राकसकोप व हिडकल जलाशयांतून यायचे आहे. परंतु एवढ्याच कुटुंबांना येळ्ळूरच्या शिवारात गुंठ्यागुंठ्याने जागा दिली असती तर किती वाफे गेले असते, हा हिशेब महापालिकेच्या आणि बुडाच्या आराखड्यांत अजून एकत्र मांडला गेलेला दिसत नाही.